तिसरी उशी

डोंबिवली (पूर्व)
दि. १७ जून २०२५

डॉ. दक्षता तांडेल यांस,

आपली आणि माझी ओळख फार तर पाऊण तासाची आहे, आणि त्यातला बराच वेळ माझे डोळे मिटलेले होते. हृदयरोगाच्या आपल्या अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत, ठाण्याच्या रुग्णालयात, खिडकीजवळच्या पलंगावर जो इसम छाती उघडी टाकून पडला होता, तो मी. नाव परशुराम घाग. आपल्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर कोइमतूरच्या रुग्णालयाचे नाव शिवलेले होते. ते लक्षात ठेवून हा पत्ता घातला आहे. परीक्षेतील रुग्णाने परीक्षार्थीला पत्र लिहू नये असा काही नियम आहे काय, याची मी रीतसर चौकशी केली. असा नियम कोणाला आढळला नाही.

आपण उत्तीर्ण झाला नाहीत, हे अण्णांकडून कळले. अण्णा म्हणजे परीक्षेसाठी रुग्ण जमवणारे विभागातील जुने कर्मचारी. त्यांनी आपल्याला चहा आणून दिला होता. त्यावर साय धरली तरी आपण तो घेतला नाहीत, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली आहे.

माझी माहिती थोडक्यात देतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वागळे इस्टेटमधील एका कंपनीत माल-तपासणीचे काम पाहतो. गोदामात प्रत्यक्ष असलेला माल आणि कागदावरचा माल जुळतो की नाही, एवढेच माझे काम. लहानपणी चिपळूणजवळच्या आमच्या गावी मला सांधे सुजून ताप आला होता. तो ताप गेला, पण जाताना हृदयाची एक झडप आखडून गेला. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ते सापडले. तेव्हापासून त्या रुग्णालयात परीक्षा आली की अण्णांचा फोन येतो. "घागसाहेब, मुलं आलीत बाहेरगावची. छाती घेऊन या."

माझ्या छातीतला मर्मर, म्हणजे अरुंद झडपेतून रक्त जाताना होणारी ती घरघर, फार सुबक आहे असे सर्वांचे म्हणणे आहे. "पुस्तकात पण अशी केस नाय," असे अण्णा नव्या रुग्णांना माझ्याकडे बोट करून सांगतात.

त्या पलंगावर पडून राहणे मला आवडते, हे आपल्याला विचित्र वाटेल. खिडकीतून खाडीचा तुकडा दिसतो. डोळे मिटले की छातीवर एकेक थंड चकती येऊन बसते आणि उठते, भरती ओसरल्यावर चिखलावर पाखरे उतरावीत तशी. काही चकत्या घाबरलेल्या असतात, काही उद्धट. प्रत्येकीमागे कोणीतरी श्वास रोखून उभे असते. मी तरंगत असतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दयाळू डॉक्टरांनी नळीची टोके माझ्याच कानात घातली होती. मला धडधड ऐकू आली नाही. फार लांबून, धुक्यातून, एक लाँच चालली होती.

आपण हेच म्हणालात. आपण मराठीत बोललात, तेव्हाच मी डोळे उघडले होते. "मी इथलीच, चेंदणी कोळीवाड्यातली. आजोबा धक्क्यावर बसून नुसत्या इंजिनावरून सांगायचे, बोट भरून येतेय की रिकामी." मग पुन्हा वाकलात, बराच वेळ वाकून राहिलात, आणि म्हणालात, "काका, तुमची बोट लई भरलीय. झोपताना उशा किती घेता?"

मी म्हणालो, "एक."

"जिने चढता?"

"दोन मजले, न थांबता."

त्यानंतर परीक्षकांसमोर आपण सांगितलेत की झडप मध्यम नव्हे, अतिशय अरुंद झाली आहे, फुफ्फुसांवर दाब आला आहे आणि रुग्णाला आजच दाखल करायला हवे. त्यांच्या हातातील अहवालात 'मध्यम' असे होते. त्यांनी माझ्या उत्तरांची आठवण करून दिली, तेव्हा आपण सर्वांदेखत म्हणालात, "हा पेशंट खरं सांगत नाहीये, सर."

"पेशंटवर विश्वास नाही, मग ठेवायचा कोणावर?"

"कानावर, सर."

कोणीतरी हसले. मी नव्हे. परंतु मला वाईट वाटले, हे नमूद करतो. दर परीक्षेला मी तीच उत्तरे त्याच शब्दांत देत आलो आहे आणि आजवर कोणीही त्यांवर आक्षेप घेतलेला नाही. आपण तरुण आहात. मतभेद असला तरी तो मांडण्याची एक रीत असते. पुढच्या सत्रात ती सांभाळलीत तर यश आपलेच आहे.

हे पत्र गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसून लिहीत आहे. अलीकडे मला याच खुर्चीत बरा डोळा लागतो. वारा चांगला येतो.

आपला,
परशुराम घाग


डोंबिवली (पूर्व)
दि. ६ जुलै २०२५

डॉ. दक्षता तांडेल यांस,

आपले चार ओळींचे उत्तर मिळाले. 'पत्राबद्दल आभार. मी पुन्हा बसणार नाही. एमडी हातात आहे, इथेच ताप-खोकला बघेन. तुम्ही उशांची काळजी घ्या.'

शेवटची ओळ माझ्या पत्नीने, मालनने, माझ्या आधी वाचली. आमच्याकडे टपाल ती उघडते. दुपारी जेवून मी बसलो होतो तोच ती कागद घेऊन समोर उभी राहिली.

"ही दक्षता कोण? आणि तिला तुमच्या उशांचं काय पडलंय?"

मी सांगितले. परीक्षा, पलंग, प्रश्न, सगळे.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"एक."

ती आत गेली आणि तिने दोरीवरचे धुतलेले अभ्रे काढून माझ्या मांडीवर ठेवले. निळा, फुलांचा, आणि आमच्या लग्नातला पिवळा पडलेला. "एकाच माणसाचे आहेत हे. पोरीला मला विचारायचं सुचलं असतं तर दोन मिनिटांत पास झाली असती. डॉक्टर लोक नवऱ्याला विचारतात. अभ्रे धुते कोण?"

तेव्हा आता लिहितो. सपाट पडलो की धाप लागते, म्हणून दुसरी उशी दिवाळीच्या सुमारास आली. तिसरी केव्हा आली हे मला सांगता येणार नाही. ती आली तशी आली, पाहुणा येऊन राहावा तशी. खुर्चीचा वारा चांगला आहे हे खरे आहे, परंतु मी वाऱ्यासाठी तिथे बसत नाही. आडवा पडलो की खाडी घरात येते.

मी हे अलंकार म्हणून लिहीत नाही. मला तसे दिसते. रविवारी दुपारी डोळा लागला की उंबऱ्याखालून पाणी आत शिरते, अगदी सभ्यपणे, आवाज न करता. मालनचे रांगोळीचे डबे तरंगू लागतात. पाणी पलंगाच्या पायांपर्यंत येते, मग चादरीपर्यंत, आणि मी एकेक उशी खाली सरकवत वर वर जातो. वर छत असते. पाण्यावरून ती लाँच येते, दिवा नसलेली, आणि मी तिला हाक मारणार तोच जाग येते. छातीत हवा नसते. मालन पाठ चोळत असते.

आपण म्हणाल, मग 'एक' का म्हणालात? मी स्वतःलाही हेच विचारले. फसवण्याचा हेतू नव्हता. माझ्या कामात मागच्या वर्षीची अखेरची शिल्लक हीच या वर्षीची सुरुवातीची शिल्लक असते. ती जुळली की माणसाला स्वस्थ वाटते. पलंगावर पडल्यावर मी माझे आजचे दुखणे सांगत नव्हतो. पहिल्या वर्षी सांगितलेले मागील पानावरून पुढे आणत होतो. एक उशी, दोन मजले. तपासणीला गेलेल्या माणसाने गोदामाचे दार न उघडताच आकडा मांडावा, अशी ही चूक आहे. माझ्या हाताखालच्या कोणी केली असती तर मी त्याला टेबलावर बसू दिले नसते.

परीक्षेआधी अण्णांनी मला इकोबद्दल, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल, फोनवर विचारले होते, "नवा इको काढायचा का साहेब, का मागचाच लावू?" मी म्हणालो, "लावा. काही बदल नाही."

आपल्या शिक्षणाची मी थोडी माहिती मिळवली. डॉक्टर होण्याची साडेपाच वर्षे. मग प्रवेशपरीक्षा, मग एमडीची तीन वर्षे. पुन्हा देशभरातून एक प्रवेशपरीक्षा, तीत जागा मिळाली तर एकट्या हृदयाची आणखी तीन वर्षे. प्रबंध. स्वतःच्या हाताने केलेल्या प्रत्येक तपासणीची वरिष्ठांच्या सहीनिशी नोंद. लेखी परीक्षा. आणि सर्वांत शेवटी, परक्या रुग्णालयात, परक्या माणसाच्या छातीवर कान. इतके मजले चढून आल्यावर शेवटचे दार उघडायचे की नाही, हे एका बी.कॉम. झालेल्या इसमाच्या एका शब्दावर राहिले. हे बरोबर नाही.

आपण ताप-खोकला बघू नये.

परशुराम घाग


डोंबिवली (पूर्व)
दि. २१ जुलै २०२५

डॉ. दक्षता यांस,

यापुढे 'आपण'ऐवजी 'तुम्ही' लिहितो. तुम्ही मला 'काका' म्हणाला होतात, ते मी फार उशिरा ऐकले.

गेल्या आठवड्यात रजा काढून रुग्णालयात गेलो आणि विभागप्रमुख डॉ. राजे यांना भेटलो. तुमच्या टेबलावरचे उंच, चष्म्यातले परीक्षक तेच. त्यांना म्हणालो, मला माझी उत्तरे दुरुस्त करायची आहेत.

"कसली उत्तरं?"

"उशा तीन. जिना एकच मजला, तोही मध्ये थांबून. शेजाऱ्यांशी बोलण्याच्या निमित्ताने थांबतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही."

त्यांनी तिथेच मला आडवे करून इको काढला. मी पडद्याकडे पाहिले नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते यंत्र छातीवर फिरवत होते आणि त्यांचे ओठ हळूहळू मिटत गेले. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अण्णा, परीक्षेला गेल्या वर्षीचा रिपोर्ट कोणी लावला होता?"

अण्णा दारात उभे होते. "साहेबच बोलले, काय बदल नाय. साहेबांचा शब्द म्हणजे..."

झडपेवर चुना धरला आहे. तिचे तोंड आता पेन्सिल जेमतेम जाईल एवढे उरले आहे आणि रक्तवाहिनीतून फुगा घालून ते उघडता येणार नाही. झडप बदलावी लागेल. फुफ्फुसांवर दाब आहे. तुम्ही जे जे म्हणाला होतात, ते सर्व त्याच क्रमाने डॉ. राजे म्हणाले. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "कानावर, म्हणाली होती ना ती."

मी निकालाविषयी विचारले. "निकाल फिरवायची तरतूद नाही, घाग. त्या दिवशी आमच्यासमोर जे होतं त्यावर मार्क दिले. पुन्हा बसणं एवढाच रस्ता आहे."

"मग तिला कळवा, की तिने बरोबर ऐकले होते."

"परीक्षकाने परीक्षार्थीला असं कळवायचं नसतं. नियम आहे." मग त्यांनी मला विचारले, "तुम्हाला कुठला नियम लागू होतो?"

मी म्हणालो, "त्याची चौकशी मी आधीच केली आहे, सर. असा नियम कोणाला आढळला नाही."

तेव्हा कळवतो. तुम्ही बरोबर ऐकले होते.

आता दुसरी बाब. शस्त्रक्रिया लवकर व्हावी असे डॉ. राजे यांचे मत आहे. मी त्यांना तारीख दिलेली नाही. तुमच्या पुढच्या सत्राच्या अर्जाची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे, ही माहिती मी काढली. तुम्ही अर्ज केल्याची पावती मला दिसेल, त्या दिवशी मी तारीख घेईन. तोपर्यंत नाही. याला कोणी हट्ट म्हणेल. मी याला अट म्हणतो.

ही अट मालनला वाचून दाखवली. ती म्हणाली, "वेड लागलंय तुम्हाला. त्या पोरीने तुम्हाला अडवलंय का? तुम्हीच तिला अडवलंत, आणि आता स्वतःलाही अडवताय." मग भांडी जोरात वाजवत राहिली. आज माझ्या पलंगावर चौथी उशी आहे. ती तिने स्वतः ठेवली.

परशुराम घाग


ठाणे
दि. ११ ऑगस्ट २०२५

दक्षताताई,

पावती पोहोचली. तिच्यासोबतचा कागदही. 'रुग्णाने डॉक्टरला ओलीस धरू नये. असा नियम तुम्हाला आढळला नसेल तर मी करते. अर्ज भरला आहे. आता मुकाट काकूंचं ऐका.' मालनने तो कागद देवघरात ठेवला आहे. तुमच्याबद्दल तिचे मत आता माझ्याहून चांगले आहे.

मी रुग्णालयात दाखल झालो. हे पत्र त्याच पलंगावरून लिहितो आहे, खिडकीजवळच्या. अण्णांनी हट्टाने हाच मिळवून दिला. "परीक्षेला हाच, तर ऑपरेशनला पण हाच. साहेबांचं खातं इथंच आहे." ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत. मी त्यांना सांगितले की चूक माझ्या शब्दाची होती, त्यांच्या कागदाची नव्हती. ते म्हणाले, "तसं नाय साहेब. शब्द आला तरी माणूस बघायचा असतो. मी माणूस बघायचं सोडलं."

एक गोष्ट सांगायची राहिली होती. मागील पानावरून पुढे आणण्याची सवय, हे मी लिहिले ते खरे. पण ते पूर्ण नाही. आजारी माणसाला परीक्षेला बोलावत नाहीत. केस स्थिर लागते. ज्याला धाप लागते त्याला दाखल करतात आणि त्याच्या जागी दुसरा आणतात. मला जागा सोडायची नव्हती. मी गोदामातून फिरतो तेव्हा लोक कामात असल्यासारखे करतात. मी गेलो की बोलू लागतात. घरी मालन ऐकते, पण ती ऐकतानाही तांदूळ निवडत असते. मुंबईची, मद्रासची, कुठकुठली इतकी शिकलेली माणसे वाकून, श्वास रोखून, दुसरा आवाज होऊ नये म्हणून पंखा बंद करून मला ऐकत, ते फक्त इथे. माझ्याजवळ दुसरे काही ऐकण्यासारखे नाही, असे मला वाटे.

उद्या हा आवाज जाईल. आज दुपारी डॉ. राजे यांना विनंती केली आणि त्यांनी शिकणारी मुले पाठवली. पंखा बंद झाला. ओहोटी होती. एकेक चकती छातीवर उतरली. त्यांनी विचारले ते मी खरे सांगितले. एका मुलीने बराच वेळ ऐकून मैत्रिणीला म्हटले, "ऐक ना, बंद होणाऱ्या दुकानाच्या शटरसारखं." तिने आजवर लाँच पाहिली नसावी. मी तिला तुमच्या आजोबांविषयी सांगितले, आणि मग त्या सर्वांनी पुन्हा एकदा, आळीपाळीने, बोट ऐकली.

मला भीती वाटते, हे मालनला सांगितलेले नाही. तिला ते ठाऊक आहे. चारही अभ्रे धुऊन, घडी करून, तिने इथे आणून ठेवले आहेत. का, ते मी विचारले नाही.

तुमचा,
परशुराम काका


डोंबिवली (पूर्व)
दि. २८ सप्टेंबर २०२५

दक्षताताई,

थोडेच लिहितो. हात अजून थरथरतो आणि मला वाकडे अक्षर चालत नाही.

झडप बसली. धातूची आहे. खोलीत शांतता असली की तिचा आवाज मला ऐकू येतो, मनगटावरचे घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखा. पहिले काही दिवस त्याने झोप येईना. मालन म्हणते तिलाही ऐकू येतो. ती म्हणते, बरे आहे, आता तुम्ही स्वयंपाकघरात मागून येऊन उभे राहिलात तरी कळते.

शुद्धीवर येण्याच्या आधी मी पाण्यावर होतो. ते आपल्या खाडीचेच होते, पण आरपार दिसत होते. लाँच जवळ आली होती आणि या वेळी तिच्यावर दिवा होता. धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी माझ्याकडे न पाहताच मान हलवली, रिकामी, असे सांगितल्यासारखी. मग इंजिन बंद झाले. ते थांबले तेव्हा मला फार एकटे वाटले. डोळे उघडले तर अण्णा पायाशी उभे होते, आणि माझ्याकडे टक लावून पाहत होते.

तुमच्या परीक्षेचे केंद्र भुवनेश्वरला आले, हे वाचले. तिथले रुग्ण मराठी बोलणार नाहीत. त्याने फरक पडू नये.

परशुराम काका


डोंबिवली (पूर्व)
दि. १९ जानेवारी २०२६

दक्षताताई,

काल तुमचा फोन मालनने घेतला आणि मला द्यायच्या आधी स्वतःच सगळे ऐकून घेतले. "पास झाली," असे ती गॅलरीतून ओरडून खालच्या इस्त्रीवाल्यालाही म्हणाली. तुमच्या-माझ्या बोलण्यात मी नीट काही बोललो नाही, म्हणून हे पत्र. तुमचेही सविस्तर पत्र आज दुपारी आले. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही लिहिले आहे की भुवनेश्वरचा तो रुग्ण शिक्षक होता, ताठ, सर्व उत्तरे पाठ असल्यासारखी देणारा. 'उशी एक' असे तोही म्हणाला. छातीतला आवाज एक सांगत होता आणि माणूस दुसरेच, आणि समोर पुन्हा तसेच तीन परीक्षक. मग तुम्ही त्यांना म्हणालात, "रुग्णावर माझा विश्वास आहे. फक्त मला आणखी एका माणसाशी बोलायचं आहे." आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला, तिथल्या परिचारिकेकरवी, एवढेच विचारलेत की घरी उशांचे अभ्रे किती धुता. ती बाई आधी हसली, 'तीन' म्हणाली आणि मग रडू लागली. परीक्षकांपैकी एकाने नंतर तुम्हाला विचारले, हे कोणत्या पुस्तकात आहे. तुम्ही 'डोंबिवलीच्या' असे म्हणालात, हे मी मालनला तीन वेळा वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग माझं नाव घालायचं होतं की प्रमाणपत्रावर."

आता माझ्याकडचे.

तुमची परीक्षा होती त्याच आठवड्यात ठाण्यालाही परीक्षा होती. मला कोणी बोलावणार नाही असे मी धरून चाललो होतो. मर्मर गेला, केस संपली. परंतु अण्णांचा फोन आला. "घागसाहेब, नवी झडप पण केसच असते. डॉक्टरसाहेब बोलले, टिकटिक ऐकायला पाहिजे पोरांना. पण मी घरी येतो आधी. तुम्हाला बघतो, मग ठरवतो." आणि ते खरोखर आले. मला जिना चढून दाखवायला लावले, खाली-वर दोनदा, आणि स्वतः पहिल्या मजल्यावर धापा टाकत बसले. मालनने त्यांना चहा दिला. तो मात्र त्यांनी साय धरायच्या आत प्यायला.

पलंग तोच. थंडीच्या दिवसांत खाडी दुधासारखी दिसते, कड कुठे संपते ते कळत नाही. डोळे मिटले. पंखा बंद झाला. चकत्या एकेक उतरू लागल्या आणि मी पुन्हा तरंगू लागलो. तिकडे दूर, पूर्वेच्या दुसऱ्या समुद्राजवळ, याच घटकेला तुम्ही कोणाच्या तरी छातीवर वाकला असाल, असे मनात आले. वाटले, ही एकच खाडी आहे, फार लांब, आणि तिच्या दोन्ही टोकांना कोणीतरी श्वास रोखून ऐकत आहे.

मग एक मुलगा आला, उत्तरेकडचा असावा, फार घाबरलेला. त्याने चकती माझ्या छातीवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. त्याने अडखळत्या हिंदीत ठरलेले प्रश्न विचारले. धाप? नाही. जिने? दोन मजले, न थांबता. मला स्वतःलाच ते जुने, पाठ केलेले उत्तर वाटले, आणि ते खरे आहे हे आठवून मी क्षणभर गोंधळलो.

"सोते समय तकिये कितने लेते हैं?"

"एक," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळू लागला. तो गेलाच असता. मी त्याचे मनगट धरले. माझ्या सर्व वर्षांत मी परीक्षार्थीला कधी हात लावला नव्हता.

"एक, यह सच है," मी म्हणालो. "लेकिन मेरे कहने पर मत लिखो. बाहर मेरी पत्नी बैठी है, हरी साड़ी में. तकियों के गिलाफ वह धोती है. जाकर पूछ लो."

तो परीक्षकांकडे पाहू लागला. डॉ. राजे यांनी चष्मा काढला आणि दाराकडे बोट केले.

दार उघडे राहिले होते. त्याचे हिंदी मला ऐकू आले, आणि मग मालनचा आवाज, नेहमीसारखा, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा. "एकच. बाकीच्या मी माळ्यावर टाकल्यात."

तुमचा,
परशुराम काका